सातव्या ओळीतले ब्रेक

मित्रांनो, जुन्या गाडीने आपली कहाणी सांगायची म्हणजे तिचा गळा दाटून आला पाहिजे, असा तुमचा समज असेल. माझा गळा दाटत नाही. माझा कार्बोरेटर दाटायचा, आणि त्याला कारण ड्वेन ग्रॅबोव्स्की हा माणूस आहे. मी अठ्ठावीस वर्षांची दोन दारांची गाडी आहे. आठ सिलिंडरचं इंजिन, लांब नाक, आखूड शेपूट, आणि रंग कच्च्या सफरचंदासारखा हिरवा. मिशिगनमधल्या ब्रॅडवेल गावच्या मोटारींच्या कारखान्यात मी जन्मले आणि त्याच गावात, कारखान्यापासून दोन मैलांवर, ड्वेनच्या गॅरेजात उभी आहे. इथे तीन वर्षांत मी जेवढा दीडशहाणपणा पाहिला, तेवढा आधीच्या पंचवीस वर्षांत पाहिला नव्हता.

पण आधी चांगल्या माणसाबद्दल सांगते, म्हणजे वाईटाची उंची तुम्हाला नीट मोजता येईल.

माझी पहिली मालकीण आर्लीन ग्रॅबोव्स्की, ड्वेनची आत्या. दुसऱ्या महायुद्धात पुरुष लढायला गेले तेव्हा ती कारखान्यात लागली आणि पुरुष परत आल्यावरही हटली नाही. ती दारांवर काम करायची. काच वरखाली करायचा दांडा बसवायचा, चार स्क्रू पिळायचे, की पुढचं दार. १९७० साली तिने मला घेतलं तेव्हा माझं डावं, म्हणजे चालवणाऱ्याच्या बाजूचं, दार आपल्याच हातचं आहे असं ती सगळ्यांना सांगत असे. खरंही असेल. कुठलं दार कुठल्या गाडीला गेलं, हे बघायला तिथे कुणाला वेळ होता?

कारखान्यातल्या पुरुषांना तिचं मोठं कौतुक वाटलं असेल असं तुम्हाला वाटतं का? छे. एवढं दांडगं इंजिन घेऊन ही बाई चर्चला आणि किराणा आणायला जाते, याचंच त्यांना हसू. एकदा फाटकापाशी एकजण तिला म्हणाला, "आर्लीन, वाघ पाळलास आणि त्याला दूधभात घालतेस की गं!"

"इंजिन मोठं आहे म्हणून रोज ओरडलंच पाहिजे का?" ती म्हणाली. "तुझं तोंडही मोठंच आहे. मी काही म्हणते का तुला?"

अशी बाई. दर शनिवारी सकाळी बॉनेट उघडायची, जुन्या मोज्याच्या तुकड्याने ऑइलची काडी पुसायची, बघायची, परत घालायची. वर्षातून दोनदा माझी चारी चाकं काढून ब्रेकचे लायनर तपासायला मला ओझेल टिब्सकडे न्यायची. ओझेल त्याच कारखान्यात तीस वर्षं ब्रेकवर होता. आता तो निवृत्त आहे आणि ड्वेनच्या शेजारीच राहतो. तो कमी बोलतो, म्हणून त्याचं कोणी ऐकत नाही. गावात ऐकलं जातं ते मोठ्याने बोलणाऱ्यांचं, आणि त्यात गाड्याही आल्या.

आणि एक गोष्ट आत्याने कधी चुकवली नाही. दर शरदात ब्रॅडवेलच्या शाळेची मिरवणूक निघते. जुने विद्यार्थी परत येतात, बँड वाजतो, गावातल्या गाड्या हळूहळू मागून चालतात. त्या मिरवणुकीत मी चोवीस वर्षं चालले. स्टेअरिंगवर प्रत्येक वेळी आत्याच.

मग तिची नजर अधू झाली. तीन वर्षांपूर्वी तिने मला टपालपेटीला घासलं. नुकसान काहीच नव्हतं, पण तिने उतरून माझ्या फेंडरवर हात फिरवला आणि किल्ली पर्समध्ये टाकली. पुन्हा तिने मला चालवलं नाही. त्या संध्याकाळी मला रडू आलं असतं, यायची सोय असती तर.

अशी मी भाच्याकडे आले. कागद मात्र आत्याने आपल्याच नावावर ठेवले. "आधी बघू कशी ठेवतोस ते," ती ड्वेनला म्हणाली.

ड्वेन गालिचे विकतो. त्यात वाईट काही नाही, जमिनीवर काहीतरी अंथरलंच पाहिजे. पण बेचाळीस वर्षं ज्याने स्वतःच्या गाडीचं चाक बदललं नव्हतं, त्या माणसाला मी दारात आल्यापासून सहा महिन्यांत सगळं कळायला लागलं. मासिकं आली. सुट्या भागांची जाडजूड सूचीपत्रं आली. रात्रीच्या जेवणात सॉसेज कमी आणि कार्बोरेटर जास्त, असं त्याची मुलगी रेने म्हणायची.

माझ्यात पहिली सुधारणा काय झाली, सांगू? स्टिकर. माझ्या काचेवर त्याने सात कंपन्यांचे रंगीत स्टिकर लावले. त्या सातपैकी एकाही कंपनीचा साधा नटसुद्धा माझ्या अंगात नव्हता. मग हवेच्या फिल्टरला चकचकीत झाकण. मग पॅडलवर भोकाभोकांचे ॲल्युमिनियमचे पत्रे, ज्यांवरून ओला बूट हमखास सटकतो. मी मूग गिळून उभी राहिले. दुसरं करणार काय?

मग एका रविवारी त्याने बेत आखला. गॅरेजच्या भिंतीवर, बरोबर माझ्या दिव्यांसमोर, त्याने एक लांब कागद टाचला आणि माझ्यात काय काय बदलायचं ते जाड पेनने क्रमाने लिहिलं. पहिल्या ओळीत मोठ्या आवाजाचे सायलेन्सर. दुसरीत मागची रुंद टायरं. तिसरीत मोठा कार्बोरेटर. चौथीत कॅमशाफ्ट. पाचवीत डॅशबोर्डवर जादा मीटर, सहावीत बॉनेटवर पांढरे पट्टे. मग कागद संपत आला, म्हणून सातवी ओळ तळाशी बारीक अक्षरात कोंबली: ब्रेक, जमल्यास.

जमल्यास! माझ्या चारी चाकांना जुने ड्रम ब्रेक होते. माझ्यासारखी पावणेदोन टनांची बाई थांबवायची म्हणजे त्यांची आधीच दमछाक व्हायची. आणि आत्याच्या घरून आल्यापासून त्यांच्याकडे कुणी ढुंकून बघितलं नव्हतं.

ओझेल कुंपण ओलांडून आला. हातात कॉफीचा मग. त्याने कागद पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला.

"यादी छान आहे," तो म्हणाला. "फक्त उलटी टांगलीस."

"म्हणजे?"

"म्हणजे खालून वाचायला लाग. आधी थांबायचं. मग नीट वळायचं. मग पळायचं. नवशिक्याने याच क्रमाने जावं."

'नवशिका' हा शब्द ड्वेनला झोंबला. तो हसला, पण कान लाल झाले. "अरे ओझेल, थांबणं बघायला कोण येतं? कस्टर्डच्या दुकानासमोर शनिवारी पन्नास गाड्या लागतात. कधी कोणी म्हणालंय का, वा, काय झकास थांबली म्हणून?"

ओझेलने कॉफी संपवली. "नाही म्हणालं," तो म्हणाला आणि घरी गेला.

त्या कस्टर्डच्या दुकानाबद्दल सांगितलंच पाहिजे, कारण सगळ्या रोगाचं मूळ तिथे आहे. दर शनिवारी दुपारी हायवेच्या कडेला, त्या आइस्क्रीमसारख्या गारेगार कस्टर्डच्या दुकानासमोर, गावातले ड्वेनच्या वयाचे सगळे मर्द आपापल्या गाड्या रांगेत लावतात. बॉनेट उघडतात. घडीच्या खुर्च्या टाकून मागे बसतात. मग एकमेकांच्या गाडीत डोकं घालून एकच प्रश्न विचारतात, "काय काय बसवलंस?" त्यावर गाडीवाल्याने यादी म्हणायची असते. यादी जितकी लांब, तितका वेळ डोकी आत. त्या पन्नासांतल्या चाळीस गाड्या घरून दुकानापर्यंत येतात आणि दुकानापासून घरी जातात, याहून जास्त त्यांचा प्रवास नाही. पण बोलणं ऐकाल तर वाटेल, सगळे कालच शर्यत जिंकून आलेत.

ड्वेनची यादी तिथे लांबत गेली. सायलेन्सर बसले आणि आमच्या गल्लीतली कुत्री घरात झोपायला लागली. मागची टायरं एवढी रुंद आणली की वळताना ती माझ्याच पत्र्याला घासत. मोठा कार्बोरेटर बसला, तेव्हा तर मी हात टेकले. एखाद्याला पाणी पाजायचं म्हणून त्याच्या तोंडात बादली ओतावी, तसा तो माझ्यात पेट्रोल ओतायचा. रेस केली की मी आधी खोकायचे, मग ठसकायचे आणि मग कुठे पळायचे. ड्वेन रांगेतल्या मंडळींना म्हणे, "तिच्यात दम जास्त झालाय ना, म्हणून." दम! माझा जीव घुसमटतोय आणि याला त्यात दम दिसतो.

पहिली दोन वर्षं मिरवणुकीच्या दिवशी मी गॅरेजात खोललेली होते. आत्याला त्याने फोनवर सांगितलं, "पुढच्या वर्षी नक्की." तिने फोन ठेवून दिला.

तिसऱ्या वर्षी मात्र शाळेने आत्यालाच मिरवणुकीची मानकरी केलं. शहात्तर वर्षांची आर्लीन ग्रॅबोव्स्की, कारखान्यात चाळीस वर्षं दारं बसवलेली, मिरवणुकीत सर्वांत पुढे शाळेचा बँड आणि बँडच्या लगेच मागे तिची गाडी. म्हणजे मी. बातमी सांगायला ती स्वतः आली. येताना खोक्यात पोलिश गोड पुऱ्या, जॅम भरलेल्या, आणल्या होत्या.

"गाडी रेने चालवेल," ती म्हणाली.

ड्वेनचा चेहरा पडला. "आत्या, मी आहे की! गाडी मी तयार केलीय."

"या मिरवणुकीत ही गाडी पुरुषाने कधी चालवलेली नाही. आता सुरुवात कशाला?" मग ती रेनेकडे वळली. "लायसन्स आलं ना गं तुझं?"

"मे महिन्यात," रेने म्हणाली. सतरा वर्षांची, उंचीने लहानखुरी, पण स्टेअरिंगवर शांत. तिचे हात आत्यासारखे आहेत. मला ती आवडते. एवढं म्हणायची सवय मला नाही, म्हणून ते एकदाच म्हणते.

ड्वेनकडे सहा आठवडे होते. मित्रांनो, सहा आठवड्यांत चारी चाकांचे ब्रेक सहज होतात. ओझेलला दोन शनिवार पुरले असते. पण ड्वेनच्या कागदावर चौथी ओळ राहिली होती, आणि सगळं गाव बघणार त्या दिवशी त्याला तो आवाज हवाच होता.

कॅमशाफ्ट म्हणजे माझ्या इंजिनाच्या पोटात फिरणारा दांडा. तो झडपा उघडतो आणि मिटतो. माझा मूळचा दांडा शांत होता. सूचीपत्रातला दांडा असा की गाडी नुसती उभी असली तरी अंग हलवत, धडक-धुडक, धडक-धुडक करत उभी राहते, आणि कस्टर्डच्या रांगेतले पुरुष त्या आवाजाला भुलतात. ड्वेनने गॅरेजातूनच सूचीपत्रवाल्यांना फोन लावला. पलीकडच्या माणसाने भले तीन प्रश्न विचारले. गिअर ऑटोमॅटिक आहे का? बाकी इंजिन मूळचंच का? ब्रेकला इंजिनाची मदत आहे का? शेवटच्या प्रश्नावर ड्वेन अडखळला. त्याला उत्तर माहीत नव्हतं, आणि नवशिका दिसण्यापेक्षा त्याला मेलेलं परवडतं.

"ते सगळं झालंय आपलं," तो म्हणाला. "तुम्ही फक्त मोठ्यातला मोठा पाठवा."

मी ते ऐकलं. ओरडून सांगावंसं वाटलं, अरे मूर्खा, काही झालेलं नाही! पण मी गाडी आहे. माझा भोंगासुद्धा दुसऱ्याने दाबल्याशिवाय वाजत नाही.

आता एक साधी गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. माझ्या ब्रेकला एक गोल डबा जोडलेला आहे. इंजिन चालताना हवा आत ओढतं, आणि त्या ओढीवर तो डबा माझ्या चालकाला मदत करतो. त्यामुळे पाय हलका ठेवला तरी ब्रेक लागतो. नवा दांडा आला की ही ओढ मंदावते. जोरात पळताना काही कळत नाही. पण गाडी हळूहळू, थांबतथांबत चालवली, तर डब्यात साठलेली ओढ दोन-तीन दाबांत संपते आणि पॅडल दगडासारखं कडक होतं. वर आणखी एक. हा दांडा घातला की इंजिन मंद गतीला बंद पडतं, म्हणून ड्वेनने त्याची रेसच वाढवून ठेवली. म्हणजे गिअरमध्ये मी उभी असले तरी आपोआप पुढे सरकायला बघते. पळायला अधीर आणि थांबायला कमजोर, अशी त्याने माझी सुधारणा केली.

आणि मिरवणूक म्हणजे काय? हळूहळू, थांबतथांबत चालणं. तेही बँडमधल्या मुलांच्या मागे.

आधीच्या शनिवारी कस्टर्डच्या दुकानासमोर मी रांगेत शिरत असताना पॅडल अडलं आणि मी कचऱ्याचा डबा आडवा केला. मंडळी हसली. "पाय सटकला," ड्वेन म्हणाला. ओझेल तिथे नातीसाठी कस्टर्ड घ्यायला आला होता. तो काही हसला नाही. संध्याकाळी तो आमच्या दारात उभा राहिला.

"ड्वेन, तो जुना दांडा कुठे आहे?"

"बाकाखाली, खोक्यात. का?"

"तो परत घालू. नाहीतर निदान मिरवणुकीला ही गाडी काढू नकोस. हळू चालवताना ब्रेक मरतोय तिचा."

"माझ्या गाडीला काय हवं ते मला कळतं," ड्वेन म्हणाला.

ओझेल जायला वळला. "गाडी आर्लीनची आहे," तो म्हणाला. "आणि पोरगी तुझी."

दोघांचं बोलणं रेनेने खिडकीतून अर्धंमुर्धं ऐकलं असणार. ती बाहेर आली. "बाबा, मिस्टर टिब्स ब्रेकचं काय म्हणत होते?"

"बघितलंय मी," ड्वेन म्हणाला.

त्याने काहीही बघितलं नव्हतं. तो भिंतीवरच्या कागदाकडे गेला आणि चौथी ओळ जाड पेनने खोडली. मग सातव्या ओळीपाशी क्षणभर पेन थबकलं. मग त्याने टोपण लावलं.

ऑक्टोबरातला पहिला शनिवार. सकाळी अकरा वाजता चर्चच्या दारातून मिरवणूक निघाली. तिथून मुख्य रस्ता बेताच्या उताराने नदीच्या पुलाकडे जातो. दोन्ही बाजूंना घोंगड्या पांघरून, गरम सफरचंदाचा रस पीत बसलेलं सगळं गाव. पुढे बँड, साठ मुलं, पांढऱ्या विजारी. बँडच्या शेवटच्या रांगेत तीन मोठे ढोल. मधला ढोल मरीसोल ओर्तेगाचा. ती रेनेच्याच वर्गातली. तिच्या पाठीमागे पंधरा फुटांवर मी.

आत्या शेजारच्या सीटवर, छातीवर सोनेरी पट्टा. ड्वेन लोखंडी सामानाच्या दुकानासमोर कॅमेरा घेऊन उभा, आजूबाजूच्या चार जणांना माझा आवाज ऐकवत. धडक-धुडक, धडक-धुडक.

पहिल्यांदा बँड थांबला. रेनेने पाय ठेवला, मी थांबले. बँड निघाला, मी निघाले. दुसऱ्यांदा बँड थांबला. पॅडल जड आलं, पण थांबले. तिसऱ्यांदा उताराच्या मध्यावर बँड वळण घ्यायला थांबला आणि रेनेने पाय ठेवला, तर पॅडल खाली जाईना.

"आत्या," ती हळूच म्हणाली. "आत्या, पॅडल दबत नाहीये."

मी पुढे सरकतच होते. उताराने, आणि माझ्या स्वतःच्या वाढवलेल्या रेसने. दहा फूट. मरीसोल जागच्या जागी पाय आपटत ढोल वाजवत होती, पाठमोरी. बँडच्या गजरात तिला मागचं काय ऐकू येणार?

आठ फूट. रेनेने पुन्हा पाय दाबला. पॅडल तसंच. बाजूला वळायला जागा नव्हती, दोन्हीकडे माणसं आणि बाबागाड्या.

आत्याला पाच फुटांपलीकडचं धड दिसत नाही. पण पंचवीस वर्षं माझा गिअर तिच्या उजव्या हाताखाली होता. आज तो डाव्या हाताला होता, तरी तिने तो न चाचपडता पकडला आणि फटकन पुढे ढकलला.

"न्यूट्रल," ती म्हणाली. "आता दोन्ही पाय. बसू नकोस, उभी राहा त्यावर. उभी राहा!"

गिअर सुटला तसं माझं इंजिन मोकाट ओरडलं. आणि मित्रांनो, लोकांनी टाळ्या वाजवल्या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी. त्यांना वाटलं, आम्ही सलामी दिली. ड्वेनने आनंदाने मूठ वर केली आणि फोटो काढला.

रेनेने पाठ सीटला टेकवली, दोन्ही पाय पॅडलवर रोवले आणि अंगातला सगळा जोर लावून ती जवळजवळ उभी राहिली. चार फूट. दोन. माझे ड्रम कण्हले. मी थांबले, पण थांबताथांबता माझा बंपर मरीसोलच्या गुडघ्याच्या मागे टेकला. जोरात नाही. कोणी मागून हात लावावा एवढाच. तिचा गुडघा किंचित लवला आणि ढोलावर एक ठोका जास्तीचा पडला. धुम्.

तिने मान वळवली. "ए रेने, किती चिकटून! एवढी घाई असेल तर तूच वाजव ना!" आणि हसत ती पुढे गेली. तिला आजही माहीत नाही.

ओझेल गर्दीतून कधी आला कळलं नाही. त्याने खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली. माझा आवाज बंद झाला. चाकाखाली त्याने शेजारच्या दुकानातली वीट आणून लावली. आता ब्रेकच्या भरवशावर तो राहणार नव्हता.

"मिस ग्रॅबोव्स्की, लागलं का कुठे?"

"नाही. ओझेल, हिला बाजूला घे. मी चालत जाते."

ड्वेन धावत आला. "काय झालं? का बंद केली? काय आवाज आला माहितीये, सगळे बघत होते!"

रेने खाली उतरली होती. तिने माझं दार धरलं होतं. तेच डावं दार.

"बाबा," ती म्हणाली, "तू म्हणालास बघितलंय."

ड्वेनने पुढे जाणाऱ्या ढोलाकडे बघितलं, मरीसोलच्या विजारीवर गुडघ्यामागे उमटलेल्या काळ्या पट्ट्याकडे बघितलं, आणि कॅमेऱ्याला झाकण लावलं. मानकरी आर्लीन ग्रॅबोव्स्की रेनेच्या दंडाला धरून पुलापर्यंत पायी गेली. लोकांना वाटलं, म्हातारी काय उत्साही आहे.

दुसऱ्या दिवशी आत्याने पर्समधून माझे कागद काढले आणि ते रेनेच्या नावावर केले. ड्वेनला ती एवढंच म्हणाली, "हिला हात लावायचा तर आता मुलीला विचारायचं." रागावली नाही. रागावली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

त्या हिवाळ्यात गॅरेजात काम झालं. रेनेने भिंतीवरचा कागद काढून टाकला. नवा लावला नाही. लक्षात ठेवायला एकच काम होतं, त्याला कागद कशाला? जुना दांडा बाकाखालून निघून माझ्या पोटात परतला, जुना कार्बोरेटरही. पुढच्या चाकांना नवे डिस्क ब्रेक लागले, मागचे लायनर बदलले. काम ओझेलने केलं. ड्वेन माझ्यात बसून पॅडल दाबायचा. ओझेल खालून म्हणे, "दाब." तो दाबे. "सोड." तो सोडे. तासन् तास, कुरकुर न करता. एवढं जमतं त्याला, हे मी मान्य करते.

एकदा मध्येच तो म्हणाला, "ओझेल, मी फोनवर त्या माणसाला खोटं बोललो होतो."

"माहितीये," खालून आवाज आला. "दाब."

वसंतात आम्ही पुन्हा कस्टर्डच्या दुकानासमोर गेलो. रेनेने मला रांगेत लावलं. ड्वेनने बॉनेट उघडलं. डोकी आत आली.

"काय काय बसवलंस?" एकाने विचारलं.

"ब्रेक," ड्वेन म्हणाला.

मंडळी वाट बघत राहिली. "आणि?"

"आणि काही नाही."

"अरे, पण आवाज कुठे गेला तिचा?" हशा झाला. डोकी पुढच्या गाडीत गेली. ड्वेन एकटाच उभा राहिला. त्याने चकचकीत झाकणावर हात ठेवला, मग बॉनेट मिटलं. कान लाल झाले होते त्याचे. पण त्याने यादी लांबवली नाही. तेवढ्यापुरता मला त्याचा तिटकारा आला नाही.

आता एक कबुली देते, कारण मी सगळ्यांना नावं ठेवली आणि स्वतःला वगळलं, असं व्हायला नको. तो धडक-धुडक आवाज मला आवडला होता. पहिल्यांदा घुमला तेव्हा मी मनात म्हटलं, अठ्ठावीस वर्षांनी का होईना, कुणी वळून बघतंय. आणि उतारावर टाळ्या वाजल्या, तेव्हा मरीसोलचा गुडघा माझ्यापासून चार फुटांवर होता, आणि मला क्षणभर अभिमान वाटला. ड्वेन निदान लाजला तरी. मी तर दिमाखात होते.

तुम्ही आता ड्वेनला हसत असाल मित्रांनो. हसा. पण आधी उठा आणि जिन्याखाली ठेवलेली तुमची सायकल बघून या. तिला घंटी आहे, रंगीत दिवा आहे, दांडीवर स्टिकर आहेत, ते मला माहीत आहे. ब्रेकचे रबर झिजून लोखंड दिसतंय का, तेवढं बघा. दिसत असेल, तर आज ती बाहेर काढू नका. तुमच्या पुढेही कोणीतरी पाठमोरं चालत असतं, आणि त्याला तुमच्यावर भरवसा असतो.